घोड्यांमधील जठरव्रण

घोड्यांमधील जठरव्रण हा घोड्याच्या जठराच्या आतील अस्तराला ओरखडे, झीज किंवा खोल जखमा होण्याचा विकार आहे. शर्यतीच्या, सवारीच्या, ओझे वाहणाऱ्या आणि वरातीच्या घोड्यांत तो आढळतो; त्याचप्रमाणे दूध पिणाऱ्या शिंगरांतही आढळतो. हा विकार संसर्गजन्य नाही. घोड्याच्या शरीराची घडण आणि माणसाने त्याला लावलेली दिनचर्या यांतील विसंगतीतून तो मुख्यतः उद्भवतो. त्यामुळे औषधाने व्रण भरून आला तरी वैरणीची वेळ व प्रमाण न बदलल्यास तो पुन्हा होतो.

माणसातील जठरव्रणाशी या विकाराची तुलना केली जाते, परंतु ती मर्यादितच उपयोगी आहे. माणसाच्या जठरव्रणात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा मोठा वाटा असतो. या शोधासाठी बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. घोड्यांत मात्र अशा जिवाणूची कारक भूमिका सिद्ध झालेली नाही. म्हणून माणसाच्या उपचारात दिली जाणारी प्रतिजैविके घोड्याच्या जठरव्रणावर सरसकट वापरली जात नाहीत.

जठराची रचना

घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. प्रौढ घोड्यात त्याची क्षमता साधारण ८ ते १५ लिटर भरते. मोकळ्यावर सोडलेला घोडा दिवसातील सुमारे १६ तास थोडे थोडे चरत असतो, आणि त्याच्या पचनसंस्थेची रचना या सवयीला अनुरूप आहे. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड स्रवते. पोटात अन्न असो वा नसो, हा स्राव थांबत नाही. याउलट लाळ केवळ चावताना सुटते. भरपूर वैरण खाणाऱ्या घोड्याच्या तोंडात दिवसाला सुमारे ३५ ते ४० लिटर लाळ तयार होते आणि तिच्यातील बायकार्बोनेट आम्लाची तीव्रता कमी करते. चावणे थांबले की लाळ थांबते, आम्ल मात्र साचत राहते.

जठराचे आतून दोन भाग पडतात. वरचा सुमारे एक-तृतीयांश भाग ग्रंथीविरहित असतो. त्याचे अस्तर अन्ननलिकेच्या अस्तरासारखे असून त्यावर आम्लापासून रक्षण करणारा श्लेष्माचा थर नसतो. खालच्या ग्रंथीयुक्त भागात आम्ल तयार होते, आणि तेथील अस्तराला श्लेष्मा व बायकार्बोनेट यांचे संरक्षण असते. दोन्ही भागांच्या सीमेवर एक वळीदार कड असते, तिला मार्गो प्लिकेटस म्हणतात. वरच्या भागातील बहुतेक व्रण या कडेलगत होतात.

वैरणीने भरलेल्या जठरात धाग्यांची जाळी पाण्यावरील तराफ्यासारखी तरंगते आणि खालचे तीव्र आम्ल वर उसळू देत नाही. रिकाम्या जठरात हा अडसर नसतो. घोडा दुडकीवर किंवा भरधाव धावू लागला की पोटातील दाब वाढून जठर आवळले जाते व आम्ल वरच्या उघड्या अस्तरापर्यंत पोहोचते. उपाशीपोटी पळवलेल्या घोड्याला व्रण का होतात, याचे उत्तर या यांत्रिकीत आहे.

प्रकार व कारणे

युरोपातील अश्ववैद्यक तज्ज्ञांच्या २०१५ च्या सहमती निवेदनाने ग्रंथीविरहित भागाचा विकार आणि ग्रंथीयुक्त भागाचा विकार हे दोन स्वतंत्र मानावेत, अशी शिफारस केली. त्यापूर्वी १९९९ पासून दोहोंना मिळून एकच नाव रूढ होते. हा फरक केवळ नामकरणाचा नाही, कारण दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि औषधांना मिळणारा प्रतिसादही वेगळा आहे.

ग्रंथीविरहित भागातील व्रणाचे मूळ मुख्यतः आहारात असते. डेन्मार्कमधील घोड्यांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वैरणीच्या दोन वेळांमध्ये ६ तासांहून अधिक अंतर, वैरण म्हणून केवळ भुसा, दाण्यातून मिळणारे जास्त पिष्ट आणि सतत पाणी उपलब्ध नसणे, हे घटक व्रणाशी निगडित आढळले. दाण्यातील पिष्ट जठरातच आंबू लागते आणि त्यातून निर्माण होणारी आम्ले अस्तराची हानी वाढवतात. सरावात असलेल्या शर्यतीच्या घोड्यांत या प्रकाराचे प्रमाण ८० ते १०० टक्क्यांपर्यंत असल्याचे विविध देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे.

ग्रंथीयुक्त भागातील व्रणात आम्ल वाढण्यापेक्षा अस्तराचे संरक्षण ढासळणे महत्त्वाचे ठरते. ताण आणि आठवड्यात विश्रांतीचे दिवस फार कमी असणे यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. फिनाइलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन यांसारखी वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिन या रक्षक द्रव्याची निर्मिती रोखतात. म्हणून ती जास्त मात्रेत किंवा दीर्घकाळ दिल्यास जठराला इजा होऊ शकते. लंगडणारा घोडा कामावर उभा राहावा म्हणून सल्ल्याविना रोज वेदनाशामक देण्याची सवय या दृष्टीने घातक आहे. पाय बरा वाटू लागतो आणि जठराची हानी वाढत जाते.

लक्षणे व निदान

अनेक घोडे ठळक लक्षण दाखवत नाहीत. दाणा अर्धवट टाकून वैरण मात्र खाणे, वजन घटणे, अंगावरची तकाकी जाणे, तंग आवळताना चावायला धावणे किंवा दचकणे, काम करण्याची अनिच्छा आणि खाल्ल्यानंतर होणारा सौम्य पोटशूळ ही सामान्य लक्षणे होत. शिंगरांत दात खाणे, लाळ गळणे, पाठीवर पडून राहणे व अतिसार दिसतो. त्यांच्यात व्रण फुटून पोटाच्या पोकळीत संसर्ग पसरण्याचा धोका असतो व तो जिवावर बेतू शकतो. घोडा सहसा उलटी करू शकत नाही. त्यामुळे माणसातील मळमळ व उलटीची खूण येथे शोधण्यात अर्थ नाही.

यांपैकी एकही लक्षण केवळ या विकाराचे नाही. दातांचे दुखणे, जंत आणि खोगीर नीट न बसणे यांतूनही हीच चिन्हे उमटतात. निश्चित निदान दुर्बिणीने जठर पाहूनच होते. त्यासाठी सुमारे ३ मीटर लांबीची दुर्बीण लागते. घोड्याला आधी १२ ते १६ तास वैरण बंद ठेवून, सौम्य गुंगी देऊन ती नाकातून आत सरकवतात. ग्रंथीविरहित भागातील व्रणांना ० ते ४ अशा श्रेणी देण्याची पद्धत आहे. ग्रंथीयुक्त भागासाठी श्रेणीऐवजी व्रणाचे स्थान, विस्तार व स्वरूप यांचे वर्णन करणे योग्य समजले जाते.

उपचार

ओमेप्राझोल हे या विकारातील प्रमुख औषध आहे. ते जठरातील आम्लनिर्मिती रोखते. नेहमीची मात्रा शरीराच्या दर किलो वजनाला ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, साधारण २८ दिवस अशी आहे. औषध सकाळी उपाशीपोटी देऊन अर्ध्या ते एका तासाने वैरण दिल्यास ते अधिक शोषले जाते.

ओमेप्राझोल आम्लाच्या संपर्कात आले की निकामी होते. म्हणून घोड्यांसाठीच्या मलमात त्याला आम्लरोधक द्रव्याची जोड किंवा संरक्षक लेप असतो. माणसांच्या कॅप्सूलमधील दाण्यांवरही असाच लेप असतो, पण ते कुटून पिठात मिसळल्यास लेप फुटतो आणि औषध वाया जाते. शिवाय ३०० किलो वजनाच्या घोड्याला रोज १,२०० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या ६० कॅप्सूल लागतील. गावोगाव दिला जाणारा ‘दोन-चार कॅप्सूल द्या’ हा सल्ला या हिशेबात बसत नाही.

ग्रंथीविरहित भागातील व्रण या उपचाराने बहुतांश घोड्यांत भरून येतात. ग्रंथीयुक्त भागातील व्रण मात्र केवळ ओमेप्राझोलने सुमारे एक-चतुर्थांश घोड्यांतच बरे होतात. म्हणून तेथे दर किलो वजनाला १२ मिलिग्रॅम सुक्राल्फेट दिवसातून दोनदा जोडले जाते. ते अस्तराला चिकटून संरक्षक थर तयार करते. काही घोड्यांत मिसोप्रोस्टॉल वापरतात. हे औषध गर्भपात घडवू शकत असल्यामुळे गाभण घोडीला ते दिले जात नाही आणि गर्भवती स्त्रीने ते हाताळू नये. रॅनिटिडीन हे जुने औषध दिवसातून तीनदा द्यावे लागते व ओमेप्राझोलपेक्षा कमी प्रभावी ठरते. खाण्याचा सोडा किंवा अन्य आम्लशामकांचा परिणाम अल्पकाळच टिकतो. औषध थांबवल्यावर आम्ल थोड्याच दिवसांत पूर्ववत होते, म्हणून उपचाराच्या काळातच आहार सुधारावा लागतो.

प्रतिबंध

दिवसाला शरीराच्या वजनाच्या किमान दीड टक्का शुष्क वैरण, तीही विभागून, हा प्रतिबंधाचा पाया आहे. ३०० किलोच्या घोड्यासाठी ही वैरण साडेचार किलो होते. वैरण एकदम न टाकता बारीक छिद्रांच्या जाळीत बांधल्यास ती अधिक वेळ पुरते आणि लाळही अधिक काळ सुटते. कामाच्या आधी मूठभर नव्हे, तर अर्धा-एक किलो वैरण खाऊ घालावी, म्हणजे पोटातील जाळी भरलेली राहते. ल्यूसर्न नावाने ओळखला जाणारा लसूणघास विशेष उपयोगी आहे, कारण त्यातील कॅल्शियम व प्रथिने आम्लाची तीव्रता कमी करतात.

दाण्याच्या प्रमाणाला मात्र मर्यादा हवी. एका वेळी दर किलो वजनाला १ ग्रॅमहून कमी पिष्ट असावे, असे सांगितले जाते. हरभऱ्यात सुमारे ४० टक्के पिष्ट असते. त्या हिशेबाने ३०० किलोच्या घोड्याला एका वेळी पाऊण किलोच्या आतच हरभरा देता येतो. मराठीत घोड्याच्या दाण्याला ‘चंदी’ आणि तोंडाला बांधायच्या थैलीला ‘तोबरा’ असे खास शब्द आहेत. दिवसातून दोन वेळा भरपूर चंदीचा तोबरा चढवणे ही लाडाची रीत समजली जाते. मात्र जठराच्या दृष्टीने कमी प्रमाणात अनेकदा देणे हिताचे आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईतील महालक्ष्मी आणि पुणे येथील शर्यतीच्या मैदानांवर सरावातील घोड्यांचा मोठा तळ असतो. दाणा जास्त, वैरण कमी आणि सकाळचा जोरदार सराव ही शर्यतीच्या तबेल्यांची जगभरातील ओळख आहे, आणि जोखीमही तेथे सर्वाधिक असते. माथेरानची स्थिती निराळी आहे. तेथे मोटारगाड्यांना बंदी असल्याने पर्यटकांची ने-आण घोड्यांवर होते. हंगामात घोडा दिवसभर खोगिरासह उभा असतो, तर पावसाळ्यात पर्यटकांची वर्दळ ओसरते. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्त जयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. लांबचा प्रवास, अनोळखी जागा आणि बदललेली वैरण हे तिन्ही ताणाचे घटक तेथे एकत्र येतात.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातल्या डोणगावसारख्या वऱ्हाडी गावांत वरातीच्या घोडीवर जठरव्रणाची जोखीम वेगळ्या वाटेने येते. लग्नसराईत घोडी सजवून तासन्तास वाजंत्रीच्या आवाजात उभी असते. त्या काळात तिच्या पुढ्यात सहसा वैरण नसते, आणि वरात लांबली की उपवासही लांबतो. निघण्यापूर्वी वैरण चारून, वरातीच्या मुक्कामी गवताची पेंढी व पाणी सोबत ठेवल्यास हा खंड बराच कमी होतो, आणि खर्चही जवळजवळ वाढत नाही.

या पट्ट्यात वैरण म्हणून ज्वारीचा कडबा आणि सोयाबीन, तूर व हरभरा यांचे कुटार हाताशी असते. वाळलेला कडबा चालतो, पण केवळ कुटारावर घोडा ठेवू नये. त्यात चावण्यासारखा लांब धागा कमी असतो. हिरवी ज्वारी चारणे मात्र टाळावे, विशेषतः कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली. तिच्यात सायनाइडजन्य विषारी द्रव्य असते, आणि हिरव्या ज्वारीवर बरेच दिवस चरणाऱ्या घोड्यांत मूत्राशयाचा दाह व मागच्या पायांची लटपट आढळते.

जठरदर्शनासाठी लागणारी लांब दुर्बीण तालुका पातळीच्या दवाखान्यात सहसा नसते. अशा वेळी पशुवैद्यक लक्षणांवरून ओमेप्राझोल सुरू करतात आणि प्रतिसादावरून निदानाचा अंदाज बांधतात. उच्च सुविधेसाठी महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या संस्थांचा पर्याय असतो. अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यकीय व पशुविज्ञान संस्था बुलढाणा जिल्ह्याला जवळची आहे, तर मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत आहे. तपासणीसाठी घोडा नेताना किती तास वैरण बंद ठेवायची हे आधी विचारून घ्यावे, कारण भरल्या पोटी दुर्बिणीतून वैरणीशिवाय काही दिसत नाही.