झोपलं की लपणारं दुखणं

हात खाली सोडून मिनिटभर उभे राहा. मनगटाच्या वर निळसर शिरा फुगून येतील. त्यातली एक सरळ, लांब शीर निवडा. पंजाच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त कोपराकडे सारत न्या. आता वरचं बोट उचला. वाटेत झडप असली तर मधला तुकडा रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली उतरत नाही. खालचं बोट उचललं की तोच तुकडा क्षणात भरतो.

विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात हा प्रयोग चित्रांसह दाखवला आहे. झडपा त्याने शोधल्या नव्हत्या. इटलीतल्या पादुआला तो शिकायला होता, तिथले त्याचे गुरू फाब्रिसियस यांनी १६०३ मध्येच त्यांची सुरेख चित्रं छापली होती. पण रक्ताचा लोंढा एकदम पायांकडे उतरू नये म्हणून घातलेले हे अडसर असावेत, अशी गुरूंची समजूत. त्या झडपा फक्त हृदयाच्या दिशेने उघडतात, एवढ्या एका गोष्टीचा अर्थ शिष्याला लागला आणि रक्ताभिसरणाचं कोडं सुटायला मदत झाली.

उभ्या माणसाच्या पावलातल्या शिरेत पाऱ्याच्या साधारण ९० मिलिमीटर इतका दाब असतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत आणि हा दाब तिशीच्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. पायावरच्या अशा व्हेरिकोज व्हेन्स आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या कंडक्टरच्या, शिक्षिकेच्या, पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या पायावर त्या उठून दिसतात.

ओटीपोटातही अशाच शिरा फुगतात. तिथे मात्र त्या कुणाला दिसत नाहीत.

ओटीपोटात पोटरीसारखा पिळणारा पंप नाही. गर्भाशय, बीजांडकोश, मूत्राशय आणि गुदाशय यांच्याभोवती शिरांची दाट जाळी असते. ती सगळी एकमेकांना जोडलेली आणि झडपांच्या बाबतीत बरीचशी उघडीवाघडी. एकीकडे दाब वाढला की रक्त दुसरीकडे सरकतं. बीजांडकोशातून वर जाणाऱ्या लांब शिरेत झडपा असतात खऱ्या, पण सगळ्यांच्या नाही. शवविच्छेदनाच्या जुन्या अभ्यासात साधारण १५ टक्के बायकांच्या डाव्या शिरेत झडपाच आढळल्या नाहीत, उजवीकडे हे प्रमाण बरंच कमी होतं.

डाव्या-उजव्यातला हा भेद मला या विषयातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते. बीजांडकोश ओटीपोटात असतो, पण त्याची शीर जवळच्या शिरेला न मिळता थेट मूत्रपिंडाच्या पातळीपर्यंत चढत जाते. कारण गर्भात बीजांडकोश तयार होतो तो तिथेच, मूत्रपिंडाच्या शेजारी. पुढे तो खाली सरकतो आणि आपल्या रक्तवाहिन्या सोबत ओढत नेतो. जन्मस्थान सुटलं तरी नाळ सुटत नाही ती अशी. उजवी शीर वर जाऊन शरीराच्या मुख्य महाशिरेला तिरकी मिळते. डावी मात्र मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात जाऊन भिडते. त्या मूत्रपिंडाच्या शिरेला पुढे महाधमनी आणि तिच्यातून निघणारी आतड्यांची धमनी यांच्या फटीतून वाट काढावी लागते. काहींच्या बाबतीत ही फट इतकी अरुंद असते, की अडकित्त्यात सुपारी धरावी तशी शीर चेपली जाते. मग रक्त उलटं फिरून खाली ओटीपोटात उतरतं.

पुरुषांचे वृषणही गर्भात तिथेच तयार होतात आणि बीजांडकोशाहून कितीतरी खाली जातात. म्हणून अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हॅरिकोसील, बहुतेक वेळा डाव्या बाजूलाच दिसतात. त्या एकट्या उजवीकडे अचानक दिसल्या, किंवा आडवं झाल्यावरही ओसरल्या नाहीत, तर डॉक्टर मूत्रपिंडाकडे नजर टाकतात ती याच नकाशामुळे.

आणि गरोदरपण! एरवी गर्भाशयातून मिनिटाला जेमतेम ५० मिलिलिटर रक्त वाहतं. नऊ महिने भरत आले की हा आकडा ५०० च्या वर जातो. एवढं रक्त परत नेण्यासाठी बीजांडकोशाच्या शिरा रुंदावतात. त्यांची धारणक्षमता ६० पटींपर्यंत वाढते, असं वैद्यकाची पुस्तकं सांगतात. प्रोजेस्टेरॉन शिरांच्या भिंती सैल सोडतं, वाढतं गर्भाशय वाटेवर भार टाकतं. बाळंतपणानंतर बहुतेक शिरा पुन्हा आवरतात. काही ताणलेल्याच राहतात, त्यांच्या झडपांच्या कडा एकमेकींना टेकत नाहीत, आणि पुढच्या प्रत्येक गरोदरपणात त्यात भर पडते. म्हणूनच ओटीपोटातल्या फुगलेल्या शिरांचं हे दुखणं जास्त करून आढळतं ते एकाहून अधिक बाळंतपणं झालेल्या, पाळी सुरू असलेल्या बायकांमध्ये. पाळी गेल्यावर ते अनेकदा आपोआप उतरतं.

हे दुखणं जोरात बोलत नाही. ओटीपोटात जडपणा, ओढ लागल्यासारखं, सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त. फार वेळ उभं राहिलं की वाढतं, पाळीच्या आधी वाढतं, आणि शरीरसंबंधानंतर तासन्‌तास ठणकत राहतं. हे शेवटचं लक्षण निदानाला फार उपयोगी, पण आपल्याकडे बाई ते घरीही सांगत नाही आणि दवाखान्यातही कुणी विचारत नाही. काहींना बाहेरूनही खूण दिसते. योनीच्या ओठांवर, मांडीच्या आतल्या किंवा मागच्या बाजूला, कुल्ल्यावर फुगलेल्या शिरा.

मग बाई तपासायला जाते. टेबलावर आडवी होते. आणि शिरा रिकाम्या होतात.

दुर्बिणीने पोटात पाहण्याची तपासणी तर याहून गमतीची. पोट फुगवायला आत वायू भरतात, डोक्याकडची बाजू खाली करतात. दोन्हींमुळे ओटीपोटातल्या शिरा मिटतात आणि ‘सगळं नॉर्मल आहे’ असा कागद हातात पडतो. १९८४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ‘द लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास छापला. ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यासाठी दुर्बीण घालूनही काही न सापडलेल्या बायकांच्या शिरांमध्ये त्यांनी क्ष-किरणांत दिसणारं द्रव्य सोडलं, तेव्हा कित्येकींच्या शिरा फुगलेल्या आणि त्यांतून द्रव्य रेंगाळत सरकताना दिसलं. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या किती जणींना ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवलं असेल! या दुखण्यावर १९४९ मध्ये सविस्तर लिहिणाऱ्या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड टेलर यांनीही त्याची एक मुळी मनाच्या ताणात शोधली होती.

आता अनुभवी रेडिओलॉजिस्ट सोनोग्राफी करताना बाईला उभं करतो, निदान जोर करायला, खोकायला सांगतो आणि रक्त उलटं वाहतं का हे डॉपलरवर पाहतो. सीटी किंवा एमआरआयने शिरांचा नकाशा कळतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण आजकाल फुगलेली शीर दिसली की तीच गुन्हेगार ठरवायची घाई होते. रुंद शिरा असूनही काही न दुखणाऱ्या बायका भरपूर आहेत. ओटीपोट दुखण्याला एन्डोमेट्रिओसिस, मूत्राशय, आतडी, कमरेचे स्नायू अशी बरीच कारणं असतात आणि ती एकाच बाईत एकत्रही नांदतात. डॉक्टर मंडळींनीही २०२१ पासून लक्षणं, शिरांची जागा आणि मूळ कारण या तिन्हींची एकत्र नोंद करणारी वर्गवारी आणली आहे.

गरोदरपणात योनीजवळ शिरा फुगल्या तर घाबरण्याचं कारण सहसा नसतं. कुशीवर झोपणं, आधार देणारे घट्ट कपडे, बद्धकोष्ठ होऊ न देणं एवढ्यावर निभावतं. बाळंतपणानंतर साधारण दीड महिन्यात त्या बहुतेकींच्या ओसरतात. नेहमीची प्रसूती त्यांच्यामुळे सहसा अडत नाही. पण एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला किंवा धाप लागली, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. तेव्हा तासभरही थांबायचं नाही.

जुनाट दुखण्यावर संप्रेरकांची औषधं आहेत. ती काही काळ आराम देतात, पण बंद केली की दुखणं परत येऊ शकतं, आणि काहींमुळे हाडं विरळ होतात. दुसरा मार्ग एम्बोलायझेशनचा. मानेतल्या शिरेत सुई घालून एक बारीक नळी आत सोडतात. ती हृदयाच्या उजव्या कप्प्यातून खाली उतरते, मूत्रपिंडाच्या शिरेत वळते आणि तिथून बीजांडकोशाच्या शिरेत शिरते. तिथे धातूची बारीक वेटोळी आणि फेसाळ औषध सोडून ती शीर कायमची बंद केली जाते. बाई जागी असते, फक्त सुईची जागा बधिर केलेली. शीर बंद झाली तर रक्त जाणार कुठे, हा प्रश्न साहजिक आहे. शेजारच्या दुसऱ्या शिरांतून, ज्या जाळ्यामुळे सगळी भानगड झाली त्यातूनच ते वाट काढतं. १९९३ मध्ये या इलाजाची पहिली नोंद छापून आली. तेव्हापासूनच्या नोंदींत बऱ्याच बायकांना उतार पडलेला दिसतो, पण उपचार न केलेल्यांशी काटेकोर तुलना करणाऱ्या चाचण्या मोजक्याच आहेत. त्यामुळे बाकीची कारणं तपासल्याशिवाय कुणी थेट याच टेबलावर नेत असेल, तर दुसरं मत घ्यावं.

दुखणं कधी वाढतं, कधी उतरतं याची दोन-तीन पाळ्यांची टिपणं घेऊन गेलात तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. आणि पायातल्या शिरांची शस्त्रक्रिया होऊनही त्या परत आल्या असतील, त्यातही मांडीच्या आतल्या किंवा मागच्या बाजूला, तर उगम पायात नसून वर ओटीपोटात असू शकतो का, हेही त्यांना विचारून घ्या.