हवामान सांगणाऱ्याचा कंठ दाटतो तेव्हा

अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्यात अर्ध्या शतकाहून अधिक काळ एका शब्दाला मज्जाव होता. तो शब्द म्हणजे टोर्नेडो. 1880च्या दशकात हवामानाचे काम लष्कराच्या सिग्नल कोअरकडे होते, तेव्हा ही बंदी आली. टोर्नेडोने जेवढे नुकसान होईल त्याहून जास्त नुकसान लोकांच्या घबराटीने होईल, असे त्यामागचे गणित होते. या बंदीच्या काळातच, 18 मार्च 1925 रोजी, मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांना चिरत गेलेल्या एका टोर्नेडोने 695 माणसे मारली. अमेरिकेच्या इतिहासातला तो आजही सर्वांत जीवघेणा टोर्नेडो आहे. 1938 मध्ये बंदी कागदावरून उठली, पण अंगवळणी पडलेली भीती उठली नाही. मार्च 1948 मध्ये ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर हवाई दलाच्या दोन अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा अंदाज वर्तवला आणि तो खरा ठरला, तरी तो इशारा तळापुरताच होता. अखेर 1950 मध्ये खात्याच्या प्रमुखांना परिपत्रक काढून आपल्याच कर्मचाऱ्यांना सांगावे लागले की असा अंदाज द्यायला मनाई नाही.

शब्दावरची बंदी गेली, पण तिच्या मुळाशी असलेली समजूत दूरचित्रवाणीवर वेगळ्या रूपाने रुजली. हवामान सांगणाऱ्याने काहीही झाले तरी स्थिर राहावे, आवाज चढू देऊ नये, चेहऱ्यावर काही उमटू देऊ नये, ही अपेक्षा त्याच समजुतीची पुढची पिढी आहे. म्हणूनच एखादा हवामानतज्ज्ञ थेट प्रक्षेपणात हुंदका देतो, प्रार्थना करतो किंवा ओरडतो, तेव्हा त्याची चित्रफीत जगभर फिरते आणि सोबत ‘तोल गेला’ असा शेरा फिरतो. हा शेरा बहुतेक वेळा चुकीचा आहे. पुरेशा अभ्यासानंतर, पुरेशा वर्षांच्या संयमानंतर आणि पडद्यावरच्या आकड्यांना धरून आलेली भावना हा अंदाजातला बिघाड ठरत नाही. ती अंदाजाचाच भाग असते, आणि कधी कधी त्यातला सर्वांत उपयोगी भाग.

आधी घबराटीचे पाहू. समाजशास्त्रज्ञ एनरिको क्वारंटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960च्या दशकापासून आपत्तीत माणसे नेमकी कशी वागतात याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्या साऱ्या परंपरेचा निष्कर्ष सामान्य समजुतीच्या उलटा आहे. धोका कळल्यावर माणसे सैरावैरा पळत सुटल्याची उदाहरणे विरळ आहेत. नित्य दिसते ते हे की माणसे हलत नाहीत. ती शेजाऱ्याला विचारतात, दुसरी वाहिनी लावतात, दारात जाऊन आभाळ पाहतात. 22 मे 2011 रोजी मिसुरीतल्या जॉप्लिन शहरात टोर्नेडोने दीडशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने केलेल्या पाहणीत हेच आढळले. पहिला इशारा मिळताच आसरा घेणारे थोडे होते. बहुतेकांनी आणखी कुठून तरी खात्री होण्याची वाट पाहिली. भोंग्यांची तर इतकी सवय झाली होती की त्यांचा आवाज अनेकांच्या लेखी धोक्याची खूण उरलाच नव्हता. म्हणजे ज्या रोगाच्या भीतीने निर्विकार आवाजाचे पथ्य पाळले जाते, तो रोग दुर्मीळ आहे, आणि ते पथ्य खऱ्या रोगाला, म्हणजे लोकांच्या थिजून बसण्याला, हातभार लावते.

आता 7 ऑक्टोबर 2024ची संध्याकाळ घेऊ. जॉन मोरालेस हे मायामीतले ज्येष्ठ हवामानतज्ज्ञ. राष्ट्रीय हवामान सेवेत काम करून ते दूरचित्रवाणीवर आले आणि तीन दशकांहून अधिक काळ दक्षिण फ्लोरिडाने त्यांना ‘घाबरवत नाही तो माणूस’ म्हणून ओळखले. त्या दिवशी एनबीसी 6 वाहिनीवर मेक्सिकोच्या आखातातल्या मिल्टन चक्रीवादळाची माहिती देताना त्यांनी सांगितले की दहा तासांत वादळाच्या केंद्रातला दाब 50 मिलिबारने उतरला आहे. वाक्य संपतासंपता त्यांचा आवाज कापला. त्यांनी प्रेक्षकांची माफी मागितली, हे भयंकर आहे असे म्हटले, आणि मग आखाताचे पाणी किती विक्रमी तापले आहे, त्यामागे जागतिक तापमानवाढ कशी आहे, हे सांगून पुढचा अंदाज पूर्ण केला.

50 मिलिबार म्हणजे काय, हे किती प्रेक्षकांना कळले असेल? मुंबईचे उदाहरण घ्या. आपल्याकडे दिवसभरात हवेचा दाब तीन-चार मिलिबारने वरखाली होतो. ऐन थंडीतला आणि भर पावसाळ्यातला सरासरी दाब घेतला, तर त्यांत दहाएक मिलिबारचा फरक पडतो. ऋतू पालटायला जेवढा दाब बदलावा लागतो, त्याच्या पाचपट घसरण मिल्टनच्या केंद्रात निम्म्या दिवसाहूनही कमी वेळात झाली. केंद्र आणि भोवताल यांच्या दाबातली तफावत वाढली की वारा चवताळतो. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी 55 किलोमीटरने वाढला तरी तज्ज्ञ त्याला जलद तीव्रीकरण म्हणतात. मिल्टनचा वेग तेवढ्याच अवधीत सुमारे दीडशे किलोमीटरने वाढला आणि ताशी 290 किलोमीटरपर्यंत गेला. केंद्रातला दाब 900 मिलिबारच्याही खाली गेला. हे आकडे ज्याने आयुष्यभर वाचले आहेत, त्याला ते ऐकूनच पुढचे दिसते. प्रेक्षकाला दिसत नाही. त्याच्यासाठी 15, 30 आणि 50 मिलिबार हे तिन्ही आकडे सारखेच मुके असतात. तपासणीचा अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरच्या चेहऱ्याकडे घरची माणसे पाहत राहतात, कारण अहवालातले आकडे त्यांना वाचता येत नाहीत. मोरालेस यांच्या कापऱ्या आवाजाने नेमके हेच काम केले. त्या आवाजाने आकड्याला मोजपट्टी दिली.

पण ही मोजपट्टी विश्वासार्ह होती ती आधीच्या तीस वर्षांमुळे. प्रत्येक सरीला कंठ दाटून आणणाऱ्याच्या अश्रूंना काहीच किंमत नसते. अलाबामातले हवामानतज्ज्ञ जेम्स स्पॅन यांनी हे वेगळ्या मार्गाने साधले आहे. ते पडद्यावर सहसा कोट घालून असतात. टोर्नेडोचा धोका गंभीर झाला की कोट उतरतो आणि सदऱ्यावरचे गॅलिस दिसू लागतात. अलाबामात हे घरोघर माहीत आहे; कोट उतरला म्हणजे आता विचारत बसायचे नाही. एरवी त्यांचा स्वर शेवटपर्यंत सम असतो. 25 मार्च 2021 रोजी त्यांचे स्वतःचेच घर टोर्नेडोच्या वाटेत आले. ते काही वेळ पडद्याआड गेले, परत येऊन घराचे नुकसान झाले आहे पण पत्नी सुखरूप आहे असे सांगितले आणि पुढच्या गावांची नावे घेऊ लागले. ही स्थिरता विलक्षण आहे, आणि तिला कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. तरीही लोक स्पॅन यांचे शब्द जितके ऐकतात तितकाच त्यांचा कोट वाचतात. पूर्ण निर्विकार हवामानतज्ज्ञ कुठेच नसतो, आणि लोकांना तो नकोही असतो.

मिसिसिपीतल्या टुपेलोचे हवामानतज्ज्ञ मॅट लॉबन दोन वेळा या कसोटीला उतरले. 28 एप्रिल 2014 रोजी टोर्नेडो थेट त्यांच्या वाहिनीच्या इमारतीच्या रोखाने येत होता. लॉबन यांनी प्रक्षेपण चालू असतानाच सहकाऱ्यांना तळघरात जाण्याचा हुकूम ओरडून दिला आणि स्वतःही गेले. पडद्यावर रिकामा स्टुडिओ उरला. 24 मार्च 2023च्या रात्री रडारवर त्यांना एक मोठा टोर्नेडो एमरी या छोट्या शहराला भिडताना दिसला. त्याच रात्री आधी रोलिंग फोर्क गाव उद्ध्वस्त झाले होते, आणि राज्यातल्या मृतांचा आकडा पुढे वीसच्या वर गेला. लॉबन क्षणभर थांबले, मान खाली घातली, ‘येशू, त्यांना मदत कर’ एवढीच प्रार्थना केली आणि लगेच नकाशाकडे वळले. दूरचित्रवाणीवर प्रार्थना करावी का, यावर नंतर बरीच चर्चा झाली. एमरीत त्या क्षणी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर तो वाद दुय्यम वाटतो. समोरच्या जाणकाराने आता यंत्राच्या पलीकडचा आधार मागितला आहे, एवढे त्याला कळले, आणि न्हाणीघरात किंवा तळघरात जायला तेवढे पुरे होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो नाटकाचा, आणि तो रास्त आहे. सप्टेंबर 2018 मध्ये फ्लॉरेन्स चक्रीवादळात वाऱ्याशी झगडत जेमतेम उभ्या असलेल्या एका वार्ताहराच्या मागून दोन माणसे सहज चालत गेली, आणि ते दृश्य लाखोंनी पाहिले. आपल्याकडे जून 2023 मध्ये बिपरजॉय वादळाच्या वेळी एका हिंदी वृत्तवाहिनीवर निवेदिका बंदिस्त स्टुडिओत छत्री धरून वाऱ्याने हेलकावे खात असल्याचा अभिनय करत होती. गुजरातच्या किनाऱ्यावरून तेव्हा लाखभर माणसे हलवली जात होती. ही चीड आणणारी गोष्ट आहे, कारण अशी प्रत्येक छत्री पुढच्या खऱ्या इशाऱ्याचे वजन घटवते. पण मोरालेस आणि ती छत्री यांत फरक करणे अवघड नाही. मोरालेस यांनी आकडा आधी सांगितला, आवाज नंतर कापला. छत्रीच्या मागे आकडा नव्हताच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: भावनेच्या भरात चुकीचा सल्ला दिला गेला तर? तसे घडले आहे. 31 मे 2013 रोजी, मूर शहरात 24 जणांचा बळी घेणाऱ्या टोर्नेडोला अकराच दिवस झाले असताना, ओक्लाहोमा सिटीकडे आणखी एक प्रचंड टोर्नेडो निघाला. एका स्थानिक वाहिनीच्या हवामानतज्ज्ञाने जमिनीखाली आसरा नसलेल्यांना मोटारीने दक्षिणेकडे निघण्याचा सल्ला दिला. आधीच धास्तावलेले हजारो लोक रस्त्यावर आले, महामार्ग तुंबले. एल रीनोजवळ त्या टोर्नेडोची रुंदी चार किलोमीटरवर गेली होती. तो तुंबलेल्या रस्त्यांवर तसाच पोचला असता तर काय झाले असते याचा विचारही करवत नाही. तो वाटेतच विरला, हे नशीब. मात्र त्या संध्याकाळी ढळला तो निर्णय. मोटार हे टोर्नेडोत सर्वांत वाईट ठिकाणांपैकी एक आहे, हे तिथला प्रत्येक हवामानतज्ज्ञ जाणतो. हाच सल्ला शांत स्वरात दिला असता तरी तितकाच घातक ठरला असता. लॉबन यांचा आवाज दाटला, पण त्यांनी कुणालाही रस्त्यावर पाठवले नाही.

तिसरा आक्षेप लांडगा आला रे आलाचा. केव्हिन सिमन्स आणि डॅनियल सटर या अर्थशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये दाखवले की ज्या भागात टोर्नेडोचे खोटे इशारे जास्त, तिथे खरा टोर्नेडो आल्यावर मृत आणि जखमीही जास्त. मुंबई-कोकणातही ‘रेड अलर्ट’च्या दिवशी ऊन पडले की शाळा का बंद ठेवल्या म्हणून कुरकूर सुरू होते. मिल्टनच्या बाबतीतही कुणी म्हणेल की भीती अवाजवी ठरली. किनाऱ्याला भिडेपर्यंत वादळ तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरले होते. ते टॅम्पा शहराच्या दक्षिणेला सिएस्टा की येथे धडकले आणि टॅम्पाच्या उपसागरात पाणी चढण्याऐवजी ओसरले. पण त्याच वादळाच्या बाहेरच्या पट्ट्यांतून उठलेल्या टोर्नेडोंनी फ्लोरिडाच्या दुसऱ्या टोकाला, सेंट लुसी काउंटीत, सहा जणांचा जीव घेतला. आणि दोनच आठवड्यांपूर्वी येऊन गेलेल्या हेलीन चक्रीवादळाने अनेक राज्यांत मिळून दोनशेहून अधिक माणसे नेली होती. मोरालेस रडले ते मायामीसाठी नव्हे. मायामी वादळाच्या मुख्य वाटेवर नव्हतेच. आकडा जे सांगत होता त्याने ते हलले, आणि आकडा खरा होता. खोट्या इशाऱ्यांवरचा उपाय म्हणून सगळेच इशारे एका पट्टीत सांगितले, तर मोठा धोका आणि किरकोळ धोका कानाला सारखाच लागतो, आणि लांडग्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

जपानने हा प्रश्न धोरणाने सोडवला. 11 मार्च 2011 रोजी भूकंपानंतर तीनच मिनिटांत त्सुनामीचा पहिला इशारा गेला, पण त्यात मियागीला सहा मीटर आणि इवाते-फुकुशिमाला तीन मीटर उंचीच्या लाटा सांगितल्या होत्या. किनाऱ्यावरच्या भिंती एवढ्या उंचीला पुरतील असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात लाटा दहा मीटरच्या वर होत्या. 2013 पासून जपानच्या हवामान संस्थेने अतिमोठ्या भूकंपानंतरच्या पहिल्या इशाऱ्यात मीटरचा आकडा देणे थांबवले. तिथे ‘प्रचंड’ यासारखे शब्द येतात. एनएचके या सार्वजनिक वाहिनीने निवेदकांना चढ्या, आज्ञार्थी स्वरात बोलण्याचे प्रशिक्षण दिले. 1 जानेवारी 2024 रोजी नोतो द्वीपकल्पात 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा निवेदिका अक्षरशः ओरडत होती: टीव्ही पाहत बसू नका, उंचावर पळा, 2011 आठवा. तिचा तोल गेला नव्हता. तो सराव होता. शिस्तप्रिय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशाने विशिष्ट प्रसंगी ओरडणे हीच शिस्त ठरवली. आपल्या हवामान विभागाच्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल इशाऱ्यांना असा स्वर अजून मिळालेला नाही. तिन्ही रंग वृत्तवाहिन्यांवर एकतर सारख्याच सपाट किंवा सारख्याच कर्कश आवाजात वाचले जातात.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सरावाने भरून निघणार नाही. दिलासा असो वा इशारा, स्वराला वजन येते ते निरीक्षणांमुळे. 2019 मध्ये डोरियन हे पाचव्या श्रेणीचे वादळ बहामा बेटांवर ठाण मांडून होते आणि मायामी धास्तावले होते, तेव्हा याच मोरालेस यांनी ठामपणे सांगितले होते की ते वळणार आहे. ते वळले. जून 2025 मध्ये त्यांनी ती जुनी चित्रफीत पुन्हा दाखवली आणि प्रेक्षकांना सांगितले की या वर्षी इतक्या खात्रीने बोलता येईल असे त्यांना वाटत नाही. राष्ट्रीय हवामान सेवेत झालेल्या कपातीमुळे फ्लोरिडातल्या कार्यालयांत माणसे कमी आहेत आणि वातावरणात सोडले जाणारे निरीक्षण-फुगेही कमी झाले आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. त्या दिवशी त्यांचा आवाज पूर्ण शांत होता.