घास तोंडापाशी अडकला

ताईनं मातृभोजनाचा घास उचलला, भाच्यानं आ केला आणि चित्र थांबलं. आवाज मात्र पुढे गेला. गुरुजी पुढच्या मंत्राला पोचले तरी घास तोंडापाशीच. "हँग झालं," असं जाहीर करून मंडळी चहाला उठली.

ही २०११ मधली गोष्ट. टीव्हीला जोडलेलं माझं लिनक्सवालं नेटबुक हँग झालं नव्हतं; त्यातला १.६ गिगाहर्ट्झचा ॲटम प्रोसेसर बिचारा जीव तोडून राबत होता. हँडीकॅमवरचं भाच्याच्या मुंजीचं चित्रण १९२० बाय १०८०, म्हणजे एका फ्रेममध्ये वीस लाखांवर ठिपके, आणि सेकंदाला २५ फ्रेम. शिवाय एच.२६४ मध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात. मागच्यापुढच्या फ्रेमच्या मानानं काय हललं तेवढं टिपलेलं असतं, त्यावरून चित्र पुन्हा उभं करायचं. चार माणसांचा स्वयंपाक करणारीवर मुंजीची पंगत टाकण्यासारखंच ते. अशा वेळी आपण पोळ्यांना वेगळी बाई लावतो. ब्रॉडकॉमचं 'क्रिस्टल एचडी' कार्ड म्हणजे ही पोळ्यांची बाई: एच.२६४ उलगडायचं, बाकी कशात लक्ष घालायचं नाही.

पुण्याच्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, चौकशी केली. "त्यापेक्षा नवीन लॅपटॉप का नाही घेत?" दुकानदारानं मान वर न करता विचारलं. शेवटी कार्ड अमेरिकेहून येणाऱ्या मित्रानं आणलं. गल्लीतून मी फक्त बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर घेतला.

नेटबुक पालथं घातलं, बॅटरी काढली, झाकणाचे स्क्रू वाटीत ठेवले. आत मिनी पीसीआय-एक्सप्रेसचा स्लॉट एकच, आणि त्यात वायफायचं कार्ड ठाण मांडून. त्याच्या अँटेनाच्या काळ्या-पांढऱ्या वायरी नखानं सरळ वर उचलायच्या. तिरकं ओढलं की टोकाची इवलीशी टोपी उपटून येते. सुट्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळली, नाहीतर ती बोर्डावर कुठंतरी टेकायची. नवं कार्ड तिरकं सरकवलं, सोनेरी दात दिसेनासे झाल्यावर खाली दाबलं. पण कार्ड आखूड, स्क्रूची भोकं पार पलीकडे. हात सोडला की ते पुन्हा वर उठायचं. लग्नपत्रिकेचा जाड कोपरा कापून, त्याची घडी कार्ड आणि झाकण यांच्यात बसवली. पुठ्ठ्याखाली उष्णता कोंडेल अशी धाकधूक होती, म्हणून घडी चिपवर न येता कडेलाच राहील असं पाहिलं. वायफाय गेलं, तेव्हापासून हॉलमधून नेटची वायर आडवी, आणि तिला अडखळणारा प्रत्येकजण माझं नाव घेतो.

पुढचं काम कीबोर्डावरचं. ड्रायव्हर २०१० मध्येच कर्नेलच्या 'स्टेजिंग' विभागात, थोडक्यात उमेदवारीवर, आला होता. पण तो ७००१२ या थोरल्या चिपचा, आणि माझी धाकटी, ७००१५. तिच्यासाठी सोर्स उतरवून कंपाइल केला. (२०१४ मध्ये उमेदवारालाही कर्नेलमधून नारळ मिळाला.) जोडलेली कार्डं दाखवणाऱ्या एलएसपीसीआयच्या यादीत कार्ड दिसलं, डेव्ह फोल्डरमध्ये 'क्रिस्टलएचडी' उगवलं, मी खूश. एक्सबीएमसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये मुंज लावली तर घास पुन्हा अडकला.

दीड तास मी पुठ्ठ्यावर संशय घेत झाकण उघडत-लावत बसलो. दोष निघाला फर्मवेअरमध्ये. चिपला जागं करणारी ती फाइल मी आणली होती खरी, पण ७००१२ ची. शेवटचा आकडा मी वाचलाच नव्हता. योग्य फाइल ठेवली, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं.

ताईचा हात पुढे आला, घास तोंडात गेला, भाच्यानं चावला, मागून कुणीतरी तुपाची वाटी नेली. प्रोसेसरवरचा भार पाव भागावर आला होता. मी सगळ्यांना हाका मारल्या. आजी खुर्ची ओढून टीव्हीपुढे बसली, दोन मिनिटं पाहिलं.

"अरे, पण गुरुजी मुके का?"

झाकण उघडताना काढलेली आवाजाची पिन स्क्रूंच्या वाटीशेजारी तशीच पडली होती.