खोटं एक, दारं अनेक

तत्त्वज्ञानाचा मास्तर फार्सवर काय बोलणार, ही तुमची शंका रास्त आहे. पण वर्गात तर्कशास्त्र शिकवताना आम्हाला फार्सचीच आठवण यायची. का, ते सांगतो.

बुटीबोरीत कारखाने आहेत, म्हणून कारखानदाराचीच गोष्ट घेऊ. फ्रान्झ आर्नोल्ड आणि अर्न्स्ट बाख ही जर्मन जोडी, दोघेही मुळात नट. त्यांचं १९१३ चं नाटक ‘स्पॅनिश माशी’. मोहरीची चटणी बनवणारा एक प्रतिष्ठित कारखानदार एका नर्तकीच्या मुलासाठी वर्षानुवर्षं गुपचूप पैसे भरतोय. बायको नीतिरक्षणाच्या कामात पुढे! गंमत अशी, की गावातले आणखी काही प्रतिष्ठितही त्याच मुलाचे ‘बाप’ म्हणून पैसे भरताहेत. मग एक परका तरुण घरी येतो आणि हाच तो मुलगा, असा समज होतो. त्यापुढचं प्रत्येक पाऊल तर्कशुद्ध. गृहीतक तेवढं खोटं.

आपल्याकडे बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांची जोडी. प्रभू लिहीत, भेंडे दिग्दर्शन करत, आणि दोघेही रंगमंचावर उतरत. ‘झोपी गेलेला जागा झाला’, ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ हे त्यांचे गाजलेले फार्स. फार्समधली धावपळ मोजूनमापून बसवलेली असते. दार क्षणभर उशिरा उघडलं, की हशा गेलाच!

मग आपण हसतो कशाला? कोणी एक खरं वाक्य बोललं, तर नाटक पहिल्या अंकातच संपेल. ते कोणी बोलत नाही, कारण अब्रू आडवी येते. आपल्याही घरात असं एखादं वाक्य अडकलेलं असतंच की! म्हणून फार्सला हलकं समजू नये, असं आम्हाला वाटतं.