डव्हटेलचा साचा घेताना

आम्ही दोघे भाऊ अनसिंगला सुतारकाम करतो. कपाटाच्या खणाला नुसते खिळे ठोकले, की वर्षा-दोन वर्षांत कोपरे सुटतात. डव्हटेल जोडाचे दात पारव्याच्या शेपटीसारखे टोकाला रुंद असतात. खण कितीही ओढला तरी दर्शनी फळी निघत नाही. पण करवत-पटाशीने हे दात पाडताना दिवस मोडायचा. म्हणून मजुरीतून पैसे साठवून राउटरवर चालणारा साचा, म्हणजे जिग, आणला.

घाई नडली. साच्याची बुश आमच्या राउटरला बसेना. परत फेरा, तीन दिवसांची मजुरी बुडाली. हातावर पोट असणाऱ्यांनी म्हणूनच दुकानात राउटर सोबत न्यावा. बुश बसते का, बिटाचा दांडा कॉलेटमध्ये जातो का, हे पाहूनच पैसे मोजावेत.

दोन्ही फळ्या साच्यात घट्ट आवळाव्यात. दात आणि खाचा एकदमच कापल्या जातात. आधी त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यांवर जोड करून पाहावा. सैल झाला तर बिट किंचित खाली घ्यावा, फार घट्ट झाला तर वर. बिट फिरत असताना राउटर वर उचलू नये, साचाच कापला जातो. डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला फडके हवेच.

२०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली आहे. तिचीही चौकशी करावी.

आमचा पहिला खण मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाला बसवला. ती रोज ओढते. कोपरा अजून हललेला नाही.