आकडा रिश्टरचा आणि आकडा मृतांचा

2010 साली सहा-सात आठवड्यांच्या अंतराने दोन मोठे भूकंप झाले. 12 जानेवारीला हैतीत 7.0 चा आणि 27 फेब्रुवारीला चिलीत 8.8 चा. चिलीच्या भूकंपात जवळपास पाचशे पट जास्त ऊर्जा बाहेर पडली. तिथे त्सुनामीत वाहून गेलेले धरूनही पाचशेच्या थोडी वर माणसं गेली. हैती सरकारचा आकडा तीन लाखांच्या वर आहे. तो फुगवलेला आहे, असं अनेक अभ्यासक म्हणतात. पण त्यांचे सावध अंदाजही चिलीच्या कितीतरी पट भरतात.

‘जेवढा भूकंप मोठा, तेवढे बळी जास्त’ हा समज इथेच निकालात निघतो. हैतीतला भूकंप उथळ होता आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून त्याचा केंद्रबिंदू जेमतेम 25 किलोमीटरवर होता, हे खरं. पण एवढ्याने हिशेब जुळत नाही. चिलीने 1960 मध्ये 9.5 चा भूकंप सोसला आहे. तिथले बांधकामाचे नियम कडक आहेत आणि इमारतीच्या सांगाड्यात दोष निघाला, तर कायदा बांधून विकणाऱ्याला दहा वर्षं जबाबदारीतून सोडत नाही. हैतीत असे नियम राबवणारी यंत्रणाच नव्हती.

गैरसमज : गरिबांची घरं कच्ची असतात, म्हणून पडतात.

हैतीत पडली ती बरीचशी सिमेंटची घरं. चक्रीवादळात पत्रे उडतात, म्हणून लोकांनी पोटाला चिमटा काढून स्लॅब टाकले होते. खाली मात्र सिमेंट कमी घातलेले ठोकळे, बारीक खांब आणि त्यांत नावापुरतं लोखंड. धक्का बसला आणि स्लॅब एकावर एक बसले. आपल्या किल्लारी परिसरातल्या भूकंपात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून माणसं झोपली असताना, दुसऱ्याच पद्धतीच्या बांधकामाने तेच केलं. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं हेच माळवद भिंतीसकट अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. भारतही तेव्हा कमी उत्पन्नाच्या देशांत मोडत होता. आणि हा भाग त्या वेळच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता!

गैरसमज : ढिगाऱ्याखालच्या माणसांना परदेशी पथकं वाचवतात.

टीव्हीवर तसं दिसतं खरं. हैतीत अशा पथकांनी जिवंत बाहेर काढलेल्यांची संख्या साधारण सव्वाशे ते दोनशेच्या घरात आहे. बाकीच्यांना शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी हातांनी, पहारींनी उकरून काढलं. पहिले काही तास मोलाचे असतात आणि विमानं त्यानंतरच उतरतात.

गैरसमज : प्रेतं पडून राहिली की साथ येते.

हा समज सर्वांत चिवट आणि सर्वांत क्रूर. भिंतीखाली चिरडून मेलेल्या माणसाच्या देहात साथीचा आजार सहसा नसतोच. जागतिक आरोग्य संघटना हे वर्षानुवर्षं सांगत आली आहे. तरी हैतीत हजारो मृतदेह ओळख न पटवता सामूहिक खड्ड्यांत पुरले गेले. आपलं माणूस कुठे आहे, हे घरच्यांना कळलंच नाही.

साथ आली ती नऊ महिन्यांनी, आणि तीही जिवंत माणसांकडून. ज्या देशात शंभर वर्षांत कॉलऱ्याची नोंद नव्हती, तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या नेपाळी तुकडीच्या मिरबालेजवळच्या तळावरचं मैलापाणी आर्टिबोनिट नदीला मिळणाऱ्या प्रवाहात गेलं. त्याच नदीचं पाणी लोक पीत होते. आठ लाखांवर लोकांना लागण झाली आणि सुमारे दहा हजार दगावले. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती डिसेंबर 2016 मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. मदतीला येणाऱ्याच्या संडासाची व्यवस्था आधी विचारावी, हा याचा रोखठोक अर्थ.

गैरसमज : जे मिळेल ते पाठवा, उपयोगी पडतंच.

हैतीत बंदर मोडलेलं होतं आणि विमानतळाला धावपट्टी एकच. अशा वेळी जुन्या कपड्यांचं गाठोडं औषधांची जागा अडवतं. पैशांचीही तीच गत. तातडीच्या मदतनिधीतला एक टक्काच जेमतेम हैती सरकारच्या हाती पडला. बाकीचा परदेशी संस्था आणि यंत्रणांमार्फत खर्च झाला. नेपाळने 2015 च्या भूकंपानंतर वेगळा मार्ग धरला. घरमालकाला हप्त्याहप्त्याने तीन लाख नेपाळी रुपये द्यायचे आणि प्रत्येक टप्प्यावर बांधकाम तपासूनच पुढचा हप्ता सोडायचा. काम रेंगाळलं, तक्रारी झाल्या. पण भूकंपात टिकेल असं घर कसं बांधायचं, हे गावचा गवंडी शिकला. माझ्या मते हाच मार्ग बरा.

पुढच्या भूकंपानंतर मदतीचं आवाहन येईल, तेव्हा कपाट रिकामं करू नका. त्या देशात आधीपासून काम करणारी स्थानिक संस्था शोधा आणि तिला पैसे पाठवा.