पेटी आपली, पत्रे परक्याची

समजा, तुम्ही बाजारातून जुनी लोखंडी पेटी विकत घेतली. घरी आणून उघडली, तर तळाशी कोणाची तरी पत्रे आणि बँकेचे पासबुक निघाले. पेटीचे पैसे तुम्ही मोजले. पेटी तुमची. पण ती पत्रे तुमची झाली का? नाही. ती ज्याची त्याचीच.

जुन्या संगणकाचेही तसेच आहे. त्यात हार्ड डिस्क नावाचा एक भाग असतो. पत्रे, फोटो, हिशेब सारे त्यात साठते. विकताना मालक ते पुसतो. त्याला वाटते, गेले सगळे! पण पुष्कळदा ते गेलेले नसते बरं का. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून धड्याचे नाव खोडले, म्हणून धडा नाहीसा होतो का? तसेच हे. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर जाणत्याला काढता येतो.

अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेतल्या दोन विद्यार्थ्यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या. २००३ साली त्यांनी ती हकिकत छापली. १२९ डिस्क चालू होत्या. त्यांतल्या फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. कितीतरी डिस्कमधून लोकांची पत्रे, आजारपणाचे कागद आणि बँकांच्या कार्डांचे ५,००० हून जास्त क्रमांक निघाले.

कोणी म्हणेल, "मी दाम मोजले. मग आतले पाहिले तर बिघडले कोठे?" आम्ही म्हणतो, चुकून नजर पडली तर दोष नाही. पण परक्याचे आहे हे कळल्यावरही पाहत बसणे वाईट. कोणाच्या लेकीचा फोटो चार जणांना दाखविला, तर तिला तोंड वर काढणे कठीण होते. मग "चुकलो" म्हणून काय उपयोग?

असे काही सापडले तर तेथेच थांबावे. कोणाला दाखवू नये. नक्कल काढू नये. मालक ठाऊक असेल तर त्याला कळवावे. मग जाणत्याकडून डिस्क पुरती पुसून घ्यावी.

आपण विकतानाही जपावे. संगणकाची डिस्क आधी पुसून घ्यावी. मोबाईलमधले सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढावे. हवे ते उतरवून घ्यावे आणि मग 'फॅक्टरी रिसेट' करावे.

चुकलेली गाय आपल्या दारात आली, तर आपण तिची धार काढून घेत नाही. धन्याला निरोप धाडतो. हीच रीत येथेही पाळावी.